बरणीचा थोरला भाऊ

आमच्या अंगणाखालचे चिनीमातीचे नळ २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. मृत्युसमयी त्यांचे वय साठ वर्षांचे होते. मागच्या दारच्या चेंबरपासून फाटकाजवळच्या शेवटच्या चेंबरपर्यंत छप्पन्न फूट अंतरात ते अठ्ठावीस जण एकामागे एक झोपून होते, आणि एवढ्या वर्षांत घरातल्या कोणी त्यांचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्यामागे दोन गल्ली ट्रॅप, बिडाची तीन झाकणे, गच्चीच्या वर मान काढून उभा असलेला व्हेंट पाइप आणि स्वयंपाकघराच्या फडताळातली लोणच्याची बरणी असा परिवार आहे.

बरणीचे नाव या परिवारात घालण्याआधी मी आत्याला विचारले. ती बरणी आजीच्या हातची, सोवळ्याची. तिला कधी कोणी डाव्या हाताने शिवलेले नाही. आत्या थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘नाते खरे असेल तर लपवून काय करायचे?’

नाते खरेच आहे. दोघांची माती एका जातीची आणि भाजणीही तशीच कडक. आपण चिनीमाती म्हणून मोकळे होतो. कारखान्यात तिला स्टोनवेअर म्हणतात, म्हणजे भाजून दगडाच्या पंक्तीला बसवलेली माती. साध्या कुंभारी मडक्यातून पाणी झिरपते, तोच त्याचा गुण. हिच्यात पाणी मुरत नाही. बरणीत कैरीचे लोणचे वर्षभर टिकते ते याच्याच बळावर. आंबट, खारट, तेलकट, काही म्हणता काही तिला लागत नाही. तोच गुण घेऊन एक भावंड फडताळात चढले आणि दुसरे जमिनीखाली उतरले. बरणीत मीठ पुढे पडते. नळांच्या वाट्याला ते जन्मतःच आले होते.

त्यांचा जन्म जबलपूरकडचा असावा. बाहेर काढल्यावर एकाच्या सॉकेटवर इंग्रजी ठशातली ‘जबल’ एवढी अक्षरे वाचता आली. पुढचा ठसा मुळातच नीट उमटलेला नव्हता. अशा नळांचे नावाजलेले कारखाने तेव्हा बंगालात राणीगंजला आणि मध्य प्रदेशात जबलपूरला होते. माती दळून, मळून, यंत्राच्या तोंडातून नळीच्या आकारात बाहेर काढत. एका टोकाला रुंद तोंड असे, ते सॉकेट. दुसरे टोक साधे, ते स्पिगॉट. वाळलेले नळ भट्टीत उभे रचत आणि आच हळूहळू चढवत नेत. ताव १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की भट्टीवाला फावड्याने जाडे मीठ आगीत टाकी. मिठाची वाफ होई, त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी एकजीव होई आणि नळांच्या अंगावर आतबाहेर काचेचा पातळ तपकिरी थर चढे. ही झिलई कुंचल्याने लावलेली नसते. ती मातीच्याच अंगातून उगवलेली असते, म्हणून तिचा पोपडा निघत नाही. मिठाचा उरलेला भाग आम्लाचा धूर होऊन धुराड्यातून बाहेर पडे. त्या धुरात उभे राहून ज्यांनी आयुष्यभर मीठ टाकले, त्यांची नावे कुठल्याही नळावर नाहीत.

खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय, हे आमच्या अंगणाखाली साठ वर्षे चालू होते. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो; नळाच्या वरच्या ओलसर अंगाला तो लागला की जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. ते आम्ल काँक्रीटला पोखरते, बिडालाही सोडत नाही. या नळांच्या झिलईवर त्याचा डागही उठला नव्हता.

घराणे फार जुने. मोहेंजोदडोला एकात एक बसणारे भाजक्या मातीचे नळ सापडले आहेत. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला लांबून पाणी आले तेही मातीच्या नळांतूनच. त्यांना खापरी नळ म्हणत. मिठाची झिलई मात्र जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या कुंभारांची. घरातली घाण वाहून नेण्याच्या कामी तिला मोठ्या प्रमाणावर जुंपले ते हेन्री डोल्टन यांनी. १८४६ साली लंडनच्या लॅम्बेथ भागात त्यांनी केवळ अशा नळांसाठी कारखाना काढला. ते कॉलऱ्याचे दिवस होते, आणि विटांच्या खडबडीत गटारांत घाण अडून राहत असे. गुळगुळीत, गोल, पाणी न पिणारा नळ त्या शहराला औषधासारखा लागू पडला. तिथून तो रेल्वेच्या आणि गोद्यांच्या वाटेने जगभर गेला, आणि शेवटी पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या मुरमात येऊन विसावला.

आमच्याकडे त्यांचे येणे पुरामुळे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. आजोबांचे बिऱ्हाड शनिवार पेठेत नदीच्या अंगाला होते. पाणी उतरल्यावर वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत चिखल होता. आजोबा शाळामास्तर, पुढची दोन वर्षे त्यांनी कर्ज, अर्ज आणि सोसायटीच्या बैठका यांत काढली आणि सहकारनगरच्या बाजूला चार खोल्यांचे घर उभे केले.

शनिवार पेठेतल्या त्या वाड्यात टोपलीचा संडास होता. मागच्या बोळात एक लहान दार असे, त्यातून पहाटे कोणीतरी टोपली ओढून नेई. त्या बाईचा चेहरा आजीने कधी पाहिला नव्हता, फक्त बांगड्यांचा आवाज ऐकला होता, असे ती सांगे. ही माणसे कशी राहतात, काय वाहतात, किती मिळवतात याची चौकशी करायला तेव्हाच्या मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५२ साली तिचा अहवाल आला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात झाडू घेतला आणि माणसाने माणसाची घाण डोक्यावरून वाहू नये म्हणून संडासांच्या नव्या तऱ्हा घडवून पाहण्यात आयुष्य घातले. ही थोरामोठ्यांची कामे. आमच्या घरापुरते म्हणायचे तर ती टोपली एका डोक्यावरून उतरली आणि या अठ्ठावीस जणांनी ती आपल्या अंगावर घेतली. नव्या घरी आल्यावर पहिले काही दिवस आजी पहाटे जागी व्हायची आणि बांगड्यांचा आवाज नाही म्हणून परत झोपायची.

नळ बसवणाऱ्या माणसाचे नाव आम्हाला ठाऊक आहे, कारण आजोबांच्या फायलीत ड्रेनेजचा नकाशा निघाला. निळ्या कागदावर घराचा आराखडा, त्यातून फाटकाकडे गेलेली लाल तुटक रेघ आणि खाली परवानाधारक प्लंबरची सही. ते नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारलेले नाही. परवाना हा शब्द मात्र लिहिण्याजोगा आहे. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातही प्लंबरला परवाना देण्याची तरतूद आहे. गटारासारख्या अंधाऱ्या कामाला सही करणारा, नावानिशी जबाबदार माणूस असला पाहिजे, हे त्या काळच्या माणसांना उमगले होते. भिंत वाकडी झाली तर दिसते. जमिनीखालचा नळ वाकडा गेला तर तो बसवणाऱ्यालाच माहीत.

आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या आठवणीतले ते गृहस्थ काळी टोपी घालत, खिशात पाणसळ बाळगत आणि चहाला नाही म्हणत नसत. ट्रकमधून पेंढ्यात गुंडाळलेले नळ उतरले, तेव्हा त्यांनी एकेक नळ उभा करून लहान हातोडीने हलकेच वाजवला. चांगला भाजलेला, तडा नसलेला नळ घंटेसारखा खणखणीत वाजतो. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. पुस्तकांत आणि भारतीय मानकातही ही परीक्षा आहे, पण आत्याने ती आधीच पाहिली होती: आजी तुळशीबागेत बरणी घेताना बोटाच्या पेराने अशीच वाजवून घ्यायची. त्या दिवशी तीस नळ आले होते. दोन बद्द वाजले. ते त्यांनी बाजूला ठेवले आणि पावतीवर तशी नोंद केली. पावती फायलीत आहे.

मग चर खणला. मुरूम कठीण, पहारीला जुमानत नव्हता. इथून पुढचे काम सावकाश सांगण्याजोगे आहे, कारण त्या चार दिवसांच्या जोरावर पुढची साठ वर्षे गेली. ढाळाचा जुना नियम असा: चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. ढाळ कमी पडला तर घाण तळाशी बसते हे कोणालाही कळते. जास्त झाला तर पाणी पुढे पळते आणि मैला मागे राहतो, हे कळायला प्लंबर लागतो. दोघांनी बरोबर चालायचे तर वेग बेताचा हवा. आमच्या चार इंची नळांच्या छप्पन्न फुटांना सतरा इंच उतार बसत होता. दोरी ताणून, पाणसळ लावून त्यांनी तळ काँक्रीटने तयार केला. बसवणी खालच्या टोकापासून वर, सॉकेटचे तोंड चढाच्या बाजूला. दर दोन फुटांवर एक सांधा: सिमेंटच्या पाण्यात भिजवलेला तागाचा पीळ सॉकेटमध्ये लाकडी ठोकणीने दाबून बसवायचा, वर एकास एक सिमेंट-वाळूचा माल भरायचा आणि बाहेरून थापीने पंचेचाळीस अंशांचा उतार घोटून काढायचा. सॉकेटच्या आत आणि स्पिगॉटच्या टोकाला मुद्दाम झिलई नसते, खाचा असतात. सिमेंटला धरायला काहीतरी हवे. मग ओले गोणपाट आणि आठवडाभर पाणी मारणे.

शेवटी आरसा. खालच्या चेंबरमध्ये आरसा धरला आणि वरच्या टोकाला कंदील. नळ सरळ असतील, आत माल सांडलेला नसेल, तर आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसतो. कुठे वाकडे असेल तर चंद्राची कला दिसते. कंदील धरण्याचे काम आत्याकडे आले. तिला स्वतःला गोल काही दिसला नाही. पलीकडून टोपीवाले ‘पुनव आहे गं’ असे ओरडले, एवढे तिने ऐकले. त्यानंतर एक गुळगुळीत चेंडू वरून सोडला, तो घरंगळत खाली पोचला. चर बुजला. त्या दिवसानंतर पुढचा उजेड त्यांनी साठ वर्षांनी पाहिला.

त्यांच्या सेवेबद्दल लिहिणे अवघड आहे, कारण नीट चाललेल्या सेवेला हकिगत नसते. घरात जे जे धुतले गेले ते त्यांच्याकडे गेले. दिवाळीच्या पहाटेचे उटणे, शिकेकाईचा फेस, तांदळाचे धुवण, रंगपंचमीचे तीन दिवस न सुटणारे जांभळे पाणी. १९७७ साली आत्याचे लग्न झाले तेव्हा चार खोल्यांत साठ माणसे उतरली होती. हळदीच्या दिवशी मोरीतून पिवळा ओघ गेला आणि कुठे तुंबले नाही. आजी अंथरुणाला खिळली त्या दोन वर्षांत सर्वांत जास्त काम त्यांनीच केले असेल. घरात सुतक असो की सोयर, त्यांना सुट्टी नव्हती. पंगतीतला शेवटचा माणूस उठला की त्यांची पंगत सुरू होई.

१९७२ च्या दुष्काळाने त्यांना पहिल्यांदा दमवले. पाणी जपून वापरायचे म्हणजे कमी सोडायचे, आणि वाहत्या पाण्यावरच तर त्यांचे सगळे गणित. त्या उन्हाळ्यात दोनदा तुंबले. पुढे काळच बदलत गेला. साखळी ओढायची बिडाची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडायची. तिच्या जागी आलेल्या नव्या टाक्या सहा आणि तीन लिटरांत काम भागवतात. पाण्याची बचत झाली, ती व्हायलाच हवी होती. नळांना मात्र पूर्वीचेच ओझे निम्म्या पाण्यावर ओढायची सवय लावून घ्यावी लागली. राखेच्या जागी साबणाची पावडर आली, तिच्यापाठोपाठ शाम्पूच्या पुड्या आणि वॉशिंग मशीन. वर मजला चढला आणि माणसे दुप्पट झाली. त्यांची कसलीच तक्रार आली नाही, असे लिहायचा मोह होतो. खरे म्हणजे तक्रार करण्याची त्यांची एकच रीत होती आणि ती त्यांनी फार क्वचित वापरली.

तशी वेळ आली की मामा यायचे. मामा शहराच्या सफाई खात्यात होते. आपली पाळी संपवून दुपारी बांबूच्या कामट्यांची जुडी सायकलला बांधून यायचे. कामट्या एकीला एक जोडत नळात सारायच्या, अडथळा हाताला जाणवला की पुढेमागे करून तो सोडवायचा. हात कोपरापर्यंत आत. ते नळांना ‘म्हातारबा’ म्हणत, तेव्हा नळ विशीतही नव्हते. ‘म्हातारबाच्या घशात केस अडकलेत,’ असे निदान व्हायचे आणि तेच निघायचे. काम झाल्यावर मागच्या पायरीवर चहा. मामांचा कप मागच्या कोनाड्यात वेगळा असे. पुढे कधीतरी तो कोनाडा रिकामा झाला आणि मामा घरच्या कपांतून चहा घेऊ लागले. कधी आणि कोणी ठरवले, ते मला आठवत नाही, आत्यालाही नाही. नळांच्या साठ वर्षांतली निदान तीस वर्षे मामांच्या हातांनी जगवलेली आहेत. ते आठ-दहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यावर लेख आला नाही.

अखेरचे दुखणे अळूच्या रूपाने आले. २०२२ च्या पावसाळ्यानंतर मागच्या अंगणातले अळू एकाएकी मातले. पाने ताटाएवढी झाली, दिवाळीनंतरही हिरवीगार. आम्ही त्याचे फतफते केले, शेजारी जुड्या वाटल्या, सगळ्यांनी तारीफ केली. डिसेंबरात त्या जागेची माती पायाखाली दबू लागली आणि आत्याने कडेचे एक पान नाकाशी नेऊन पाहिले. त्या दिवसापासून अळू बंद.

या वेळी बोलावलेले परवानाधारक प्लंबर पन्नाशीचे होते. आल्या आल्या त्यांनी परवान्याचे कार्ड दाखवले आणि जुना नकाशा आहे का विचारले. निळा कागद उलगडल्यावर ते बराच वेळ सहीकडे पाहत राहिले. ‘काकू, हे काम आपण बघूनच उकलायचं,’ एवढेच म्हणाले. मग तिन्ही चेंबरांची झाकणे काढून ठेवली आणि तासभर कोणाला जवळ फिरकू दिले नाही. आत वायू साठलेला असतो. आमचे चेंबर जेमतेम मांडीएवढे खोल, पण त्यांचा नियम एकच. गटारात माणूस उतरवून धोक्याची सफाई करून घेण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी त्यांनी उतरवला नसता, असे त्यांच्या वागण्यावरून वाटले. पाण्याच्या जोराने नळ धुतले, आणि केबलच्या टोकाला बांधलेला लहान कॅमेरा आत गेला.

तेव्हा आम्ही सगळे पडद्याभोवती उभे होतो, जवळच्या माणसाच्या सोनोग्राफीला उभे राहावे तसे. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांचे अंतरंग दिसले. तपकिरी, ओले, चकचकीत. नुकत्याच घासलेल्या बरणीसारखे. दर दोन फुटांवर सांध्याची एक वर्तुळाकार रेघ येई आणि मागे जाई. चौदाव्या सांध्यापाशी कॅमेरा थांबला. वरून मुळ्यांची जुडी लोंबत होती, वाळ्याच्या पडद्यासारखी दाट. कुंपणापाशी पक्ष्याने टाकलेल्या बीजातून ऐंशीच्या दशकात उंबर उगवला होता. दत्ताचे झाड म्हणून आजीने तो तोडू दिला नाही, आणि पुढे त्याच्या सावलीची सवय झाली. उंबराने जे केले ते तहानेने केले. सिमेंटच्या सांध्यात सुईएवढी फट पडली असेल, तिच्यातून ओलाव्याचा वास आला असेल, मूळ तिकडे वळले असेल. पुढच्या चार नळांना त्या मुळांच्या रेट्याने उभे तडे गेले होते.

तेवढेच चार बदलावेत का, असे आम्ही विचारले. प्लंबरांनी पडद्यावर एकेका रेघेकडे बोट दाखवले. जवळजवळ प्रत्येक सांध्याचा माल भुरभुरला होता. ‘नळ गेलेले नाहीत,’ ते म्हणाले, ‘सांधे गेलेत.’ खोलीत सत्तरीला आलेली आत्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. ती हसली.

या घराण्याचा मोठा गुण तोच त्याचा अडसरही होता. भट्टीत उभा राहील, वाकणार नाही एवढाच लांब नळ भाजता येतो. म्हणून तो आखूड, म्हणून सांधे फार. अठ्ठावीस नळ म्हणजे जवळजवळ तितकेच सांधे, आणि प्रत्येक सांधा माणसाच्या हाताच्या मेहेरबानीवर. जमीन थोडी जरी बसली तरी सिमेंट वाकायला तयार नसते, ते तडकते. आता येणारे पीव्हीसीचे नळ तीन-तीन मीटरचे, हलके, एका माणसाला उचलता येणारे. सांध्यात रबराची कडी असते, ती जमिनीबरोबर थोडी हलू देते. आमच्या अंगणाला सहा नळ पुरले. ते विटकरी रंगाचे आहेत. पूर्वजांच्या रंगाची आठवण ठेवून कोणी तसा निवडला असेल का, असा एक भाबडा विचार मनात येऊन गेला.

नव्या जोडणीचा अर्ज प्लंबरांच्या सहीने क्षेत्रीय कार्यालयात गेला, आणि काम तीन दिवस चालले. त्या दिवसांत आम्ही बादल्या घेऊन शेजाऱ्यांकडे जात होतो. ती कहाणी वेगळी. खणायला चौघे होते, त्यांतले दोघे ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातले. त्या भागातून देशभर प्लंबर जातात. तिकडे ते घराण्याचे काम असल्यासारखे झाले आहे. दोघांपैकी धाकटा विशीचा असेल. पहारीने खडखडाट करून नळ फोडत गेले असते तर एका दिवसात चर मोकळा झाला असता. त्यांना तसे करायला प्लंबरांनी मना केले होते. कडेची माती हाताने काढून, छिन्नीने सांधा सोडवून एकेक नळ वर येत होता. तळ मोकळा झाल्यावर प्लंबरांनी जुन्या काँक्रीटवर दोरी आणि पाणसळ लावली. सतरा इंचांच्या जागी साडेसतरा भरले. उंबराजवळ अर्धा इंच जमीन बसली होती. त्यांनी ते दोनदा मोजले आणि वहीत लिहून घेतले. मोजमापाचा नव्या कामाला काही उपयोग नव्हता. नवे नळ वाळूच्या गादीवर, वेगळ्या पातळीने बसणार होते.

अठ्ठावीसांतले चार मुळांनी फोडलेले. तीन काढताना गेले. एकवीस जण पेरूच्या झाडाखाली ओळीने उभे राहिले, साठ वर्षांत पहिल्यांदाच उभे. त्यांच्यावर पाणी मारल्यावर बाहेरची झिलईही उघडी पडली, कुठे मधाच्या रंगाची, कुठे काळपट. एका नळावर भट्टीतल्या शेजाऱ्याचा डाग होता, आणि दुसऱ्याच्या सॉकेटपाशी ओल्या मातीत कोणाचा तरी अंगठा उमटून तसाच भाजला गेला होता. त्यात माझा अंगठा मावेना. लहान हात असावा, बाईचा किंवा मुलाचा. आत्याने आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला आणि पटकन काढून घेतला.

भंगारवाल्याने ते घ्यायला नकार दिला. वितळत नाहीत, विकत नाहीत. सोसायटीच्या बागेचा माळी दोन-तीन घेऊन जाईन म्हणाला, बाकीचे राडारोड्याच्या ट्रॉलीत जाणार होते. ट्रॉली यायला वेळ होता. प्लंबर हातपाय धुऊन, चहा घेऊन पेरूखाली आले आणि त्यांनी पिशवीतून लहान हातोडी काढली. कोणी सांगितले नव्हते. पहिल्या नळाला त्यांनी हलकेच टोला दिला. अंगणभर आवाज गेला, देवळातल्या लहान घंटेचा जातो तसा, आणि केंद्रापाड्याच्या मुलाने चरातून मान वर काढली. मग दुसरा, मग तिसरा. आत्या दारात येऊन मोजत होती. एकवीसांतले एकोणीस खणखणीत वाजले. दोन बद्द निघाले. ते प्लंबरांनी उचलून बाजूला ठेवले.